एक टोला हो, दोन टोले नाही

बाळकृष्णरावांच्या तोंडून सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' बाहेर पडल्याचं कुमुदिनीबाईंना आठवत नव्हतं, आणि लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली होती. चहा घेणार का, असं विचारलं तर म्हणणार, "केलायस का?" जेवायला वाढू का, तर "वाजले किती?" पुष्करच्या जन्माच्या वेळी नर्सनं विचारलं, बाळाचे वडील तुम्हीच का, तर हा गृहस्थ म्हणाला, "का, काय झालं?" रेल्वेच्या हिशेब खात्यात जन्म घालवलेला माणूस, सही करायची तीसुद्धा नाइलाज म्हणून. घरात ताकास तूर लागू द्यायची नाही हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते उपजतच होतं.

एरवी चालून गेलं असतं. चाललंच होतं की. पण या खेपेला प्रश्न घराचा होता.

मद्रासच्या दक्षिण टोकाला, तांबरमला, स्टेशनच्या पश्चिमेला त्यांचा फ्लॅट. एका शुक्रवारी कुमुदिनीबाई विष्णुसहस्रनामाला गेल्या होत्या. परत आल्या तर शेजारच्या कनकामामींनी जिन्यातच गाठलं. एक तरुण जोडपं येऊन गेलं म्हणे, ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात असतात, दोघंही फाडफाड इंग्रजी बोलणारी. स्वयंपाकघराची भिंत बोटानं वाजवून पाहिली, बाल्कनीत उभं राहून फोटो काढले, आणि जाताना मुलगी म्हणाली, कपाट इथं मावेल. कुमुदिनीबाई घरात गेल्या. बाळकृष्णराव पेपर वाचत होते.

"घर विकताय?"

"कोण म्हणालं?"

"कनका म्हणाली."

"तिचा गुडघा बरा आहे का आता?"

झालं. बोलणं संपलं. पुढं त्यांनी जेवताना विचारलं, झोपताना विचारलं, एकदा तर लिफ्टमध्ये दोघंच असताना विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी.

कारण काय असेल, ते कुमुदिनीबाईंनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. मुलगा पुष्कर पुण्यात. बाळकृष्णराव मूळचे सांगलीकडचे, पंचविशीत नोकरीसाठी मद्रासला आलेले. कुमुदिनीबाई मात्र तंजावरच्या मराठी. त्यांचं घराणं राजांच्या काळात इकडं आलं ते इकडचंच होऊन बसलं. महाराष्ट्र त्यांनी पाहिला तो लग्नकार्यापुरता, पाहुण्यासारखा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, यात त्यांना कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. आणि हे गृहस्थ अलीकडं भलतेच महाराष्ट्रीय होत चालले होते. तमिळ बातम्या बंद, दिवसभर मराठी वाहिनी. भाजीवाली दारात आली की "तूच बघ." नळवाला आला की "तूच सांग त्याला." खालचा वॉचमन रामस्वामी, ज्याच्याशी वर्षानुवर्षं क्रिकेटवरून भांडण चालायचं, त्याला आता नुसता नमस्कार. म्हातारपणी बाईला माहेर आठवतं म्हणतात, पुरुषालाही आठवत असणार. पण म्हणून काय, उभा जन्म ज्या गावाचं अन्न खाल्लं त्या गावच्या वॉचमनशी बोलायचा कंटाळा यावा? कुमुदिनीबाईंचा तिळपापड व्हायचा. जायचं तर तोंडानं सांगून जा म्हणावं, चोरासारखं काय.

त्यात प्राची आली.

प्राची ही तिथल्या महाराष्ट्र मंडळातली उत्साही मुलगी, आयटीत नोकरीला. गणेशोत्सवात दर वर्षी तीच भावगीतं आणि तीच मोदकांची स्पर्धा यांना ती कंटाळली होती. तिला कुठून तरी कळलं की तांबरमच्या आजी एके काळी टीव्हीवर होत्या.

"होते की," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तेव्हा टीव्ही काळापांढरा होता. माझे केस पण नुसते काळे होते."

मद्रासला टीव्ही नवा नवा आला होता तेव्हाची ही गोष्ट. कार्यक्रमाचं नाव 'यार इंद मनिदर?', म्हणजे हा माणूस कोण. लांब टेबलाशी चार जाणकार बसायचे. समोर एक पाहुणा. त्याचा धंदा काय, ते प्रश्न विचारून ओळखायचं. पाहुण्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हो आलं तर पुढचा प्रश्नही तुमचाच, नाही आलं की पाळी शेजाऱ्याची. दहा नकार झाले की पाहुणा जिंकला. शेवटचा पाहुणा ओळखीतला असायचा, त्याच्या वेळी चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायचे. जाणकारांत एक वकील, एक प्राध्यापक, एक नाटकातले नट, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर कुमुदिनी. तिला घेतली ती एखादी बाई हवी म्हणून, आणि ठेवली ती जिंकायची म्हणून.

वकील प्रश्न विचारायचे ते आपली हुशारी लोकांना दिसावी यासाठी. कुमुदिनी विचारायची ते समोरच्याला 'हो'च म्हणावं लागावं अशा बेतानं. होकाराला होकार जोडत ती हळूहळू माणसापाशी पोचायची. सिनेमाच्या भल्यामोठ्या फलकांवर फक्त डोळे रंगवणारा एक कारागीर आला होता. त्याला तिनं एकही नकार न घेता ओळखलं. प्राध्यापक त्यानंतर तिच्याशी बोलेनासे झाले. या सगळ्याचं चित्रण आज कुठंही नाही. फिती महाग असत, एकीवर दुसरा कार्यक्रम चढवायची तेव्हा रीतच होती.

प्राचीला हे ऐकून इतका हुरूप आला की तिनं तोच कार्यक्रम मंडळात करायचं ठरवलं. जाणकार तीन: कुमुदिनीआजी, बँकेतून निवृत्त झालेले गिरीधरकाका आणि प्राचीच्याच ऑफिसातला दर्शन. एक बदल तेवढा तिनं केला. मंडळात सगळे सगळ्यांचे आवाज ओळखतात, म्हणून शेवटच्या पाहुण्यानं बोलायचंच नाही. हातात आरतीची घंटा धरायची. एक टोला हो, दोन टोले नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पहिले दोन पाहुणे फार टिकले नाहीत. दुसऱ्या बाई विमानातल्या जेवणाची चव पाहायच्या नोकरीत होत्या, त्यांना कुमुदिनीबाईंनी ताटावरून उठवावं तसं उठवलं. मग पट्ट्या बांधल्या. प्राची म्हणाली, आता खास पाहुणे येतायत, कुणी नाव फोडू नका.

पावलं आली. उजवी चप्पल फरशीवर घासत येणारी. मागोमाग निलगिरीच्या तेलाचा वास. खुर्ची सरकली, घसा खाकरला गेला आणि हॉलभर खसखस पिकली.

कुमुदिनीबाईंनी ओळखलं. त्यात ओळखायचं काय होतं? रोज सकाळी तीच चप्पल न्हाणीघराकडं जाताना ऐकायची. मघाशी हे म्हणत होते, मी मागं बसतो, मला पंखा लागतो. त्या 'ओळखलं' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि त्यांनी तोंड मिटलं. समोर बाळकृष्णराव आहेत. बोलायची बंदी आहे. हातात घंटा आहे. आणि घंटेवर 'कोण म्हणालं' असं वाजवता येत नाही.

शिवाय हा माणूस नियमाचा. साहेबानं सांगितलं म्हणून एक आकडा खोटा लिहिला नाही कधी, त्यापायी बढती दोनदा हुकली. खरं उत्तर द्यायचं असा नियम आहे म्हटल्यावर खोटा टोला वाजणार नाही. असा योग पन्नास वर्षांत आला नव्हता.

"आपण पुरुष आहात, होय ना?" त्यांनी सुरुवात केली.

एक टोला.

"नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली."

एक टोला.

"तांबरमकडं राहता."

एक टोला. लोक हसायला लागले. "आजी, ओळखलंत ना?" प्राचीनं विचारलं.

"अजून नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "घाई काय आहे? राहतं घर स्वतःचं आहे."

एक टोला.

"ते विकायला काढलंय."

घंटा वाजली नाही. मागं कुणी तरी खोकलं. मग एक टोला पडला, जरा दबकाच.

"पुण्याला जायचं ठरवलंय."

एक टोला.

"आणि हे बायकोपासून लपवून ठेवलंय."

पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या आणि मग एकमेकींकडं बघून गप्प झाल्या. एक टोला.

इतके दिवस ज्या उत्तरासाठी कुमुदिनीबाईंनी डोकं फोडलं ते मिनिटाभरात हाती आलं होतं, आणि आता ते नको झालं होतं. टेबलाशी बसून आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, एखादा नकार येऊ दे. पाळी गेली तर जाऊ दे. पण विद्या अंगवळणी पडलेली, ती काही थांबेना.

"मरताना आपल्या मुलखाची माती हवी," त्या म्हणाल्या, "म्हणून चाललात."

एक टोला. आणि लगेच दुसरा.

"नाही?" कुमुदिनीबाईंच्या तोंडून गेलं.

"आजी, एकदाच विचारायचं," प्राची म्हणाली. "पाळी दर्शनची."

दर्शननं विचारलं, "तुम्ही खेळाडू आहात का?" दोन टोले. दर्शनचा प्रश्न तेवढ्यावर आटोपला. पाळी गिरीधरकाकांकडं गेली.

गिरीधरकाकांची सारी नोकरी मैलापूरच्या शाखेत गेली होती. रंगात आले की त्यांची गाडी तमिळवर घसरायची. पाहुणा कोण, हे त्यांनाही केव्हाच कळलं होतं, पण थोडी गंमत केल्याशिवाय सोडायचा त्यांचा विचार नव्हता. "नींग मीन पिडिक्किरवरा?" त्यांनी विचारलं. मासे धरायचा धंदा का तुमचा, असं. डोळ्यांसमोर आणा, एन्नोरच्या किनाऱ्यावर कोळ्यांत बसलेले बाळकृष्णराव, जे शेजारी आम्लेट झालं तर खिडकी लावून घेतात.

एक टोला.

हॉल नुसता फुटला. काकांना चेव चढला. "दिनमुम कडलुक्कु पोवींगळा?" रोज समुद्रावर जाता?

एक टोला.

"नीच्चल तेरियुमा?" पोहता येतं?

एक टोला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. या माणसात एवढा मिश्कीलपणा आहे हे मंडळाला ठाऊक नव्हतं. काका पट्टीवरूनच डोळे पुसत मराठीवर आले. "अहो, आमची थट्टा चालवलीय की काय?"

दोन टोले. त्यावर तर टाळ्याच पडल्या. "नकार," प्राची हसू आवरत म्हणाली. "पाळी आजींची."

कुमुदिनीबाई हसत नव्हत्या. हा माणूस थट्टा करत नाही. त्याला ती येतच नाही, संसारात एक विनोद सांगितला होता तोही पेपरातला होता, आणि शेवट विसरून सांगितला होता. खोटं तर वाजवणारच नाही. आत्ताच विचारलं, थट्टा करताय का, तर नाही म्हणाला, आणि ते खरं होतं. मग मासे?

मराठीतल्या प्रश्नांना चोख उत्तरं. तमिळ प्रश्न आला की एक टोला, काहीही विचारा, एक टोला. एक्स्चेंजमध्ये असताना त्यांनी असे होकार पुष्कळ ऐकले होते. समोरच्याची भाषा कळत नसलेला माणूस लाइन कापली जाईपर्यंत हो, हो म्हणत राहायचा.

भाजीवाली. नळवाला. रामस्वामी. तो कंटाळा नव्हता आणि माजही नव्हता. त्यांच्याजवळ शब्द उरले नव्हते. पंचविशीत मेहनतीनं कमावलेली भाषा ऐंशीत एकेक दाणा करून सांडत चालली होती, आणि या माणसानं घरात, खाली, डॉक्टरकडं, कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. मूग गिळून घर विकायला निघाला होता. कुमुदिनीबाईंना आपल्या रागाची लाज वाटली, त्याच्या गप्प बसण्याचा नव्यानं राग आला, आणि पट्टीखाली डोळे भरून आले ते कुणाला दिसायची सोय नव्हती हे बरं झालं.

"आजी, विचारताय ना?"

तमिळमध्ये एक साधा प्रश्न टाकून खात्री करून घेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. त्या मराठीत आणि हळू बोलल्या.

"तुम्हाला भीती वाटते."

एक टोला पडला. त्या दुसऱ्याची वाट पाहत राहिल्या. मागच्या रांगेत कुणी तरी अजून माशांवरच हसत होतं. दुसरा टोला आला नाही.

"बायको आधी गेली, तर इथं आपण कुणाशी बोलायचं, याची."

एक टोला. या वेळी त्यांनी वेळ घेतला नाही.

होकार आला म्हणजे पुढचा प्रश्न त्यांचाच होता. पण विचारायचं काही शिल्लक नव्हतं. "आजी, आता तरी नाव सांगून टाका," प्राची म्हणाली.

"मला नाही ओळखता आलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मी हरले."

हॉलमध्ये जो गलका झाला तो खाली रस्त्यापर्यंत गेला असेल. टीव्हीवर नाव कमावलेल्या बाईंना नवरा ओळखता आला नाही. गिरीधरकाका म्हणाले, माझ्या बायकोनं असं केलं असतं तर मी उपास धरला असता. प्राचीचा चेहरा उतरला होता. पट्टी सोडताना तिनं कानाशी विचारलं, "आजी, खरंच नाही?"

"खरंच नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

समोर बाळकृष्णराव बसले होते. इस्त्रीचा सदरा, वाजू नये म्हणून घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरलेला. त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. मग लोक बटाटेवड्यांच्या रांगेत लागले आणि ही दोघं मागच्या खुर्च्यांवर ताटल्या घेऊन बसली.

"मला सांगायचं होतंत," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

बाळकृष्णरावांनी वडा मोडला, पण खाल्ला नाही. "मीठ आणायला पाठवलं होतंस. दुकानात उभा राहिलो आणि शब्दच येईना. उप्पू. आत्ता येतोय बघ. तिथं येईना. दुकानदार माझ्या तोंडाकडं बघतोय, मागं लोक खोळंबलेत. बोट दाखवलं तर त्यानं साखर दिली. घेऊन आलो."

त्या साखरेवरून आपण काय काय बोललो होतो ते कुमुदिनीबाईंना आठवलं. त्यांनी ताटली खाली ठेवली.

"पुष्करला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला तरी."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चला पुण्याला. आणि तुझं सगळं इथं. त्यापेक्षा मीच ओढून नेतोय असं वाटलेलं बरं. भांडायला तरी मिळालं असतं तुला."

असला उफराटा विचार फक्त हाच माणूस करू शकतो, असं कुमुदिनीबाईंच्या मनात आलं. त्यांना एक सणसणीत उत्तर सुचलंही होतं, पण ते त्यांनी तसंच गिळलं. कनकामामी, शुक्रवारचं सहस्रनाम, जिन्यापासून स्टेशनपर्यंत कानावर पडणारं आपलं तमिळ, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. ते सोडायचं म्हणजे काय याची त्यांना नीट कल्पना होती.

"तिकडं माझ्या मराठीला हसतील," त्या म्हणाल्या.

बाळकृष्णरावांनी यावर विचार केला. "हसतील," ते म्हणाले.

"हसू देत. थंडीच्या आधी निघू, मला तिकडची थंडी सोसायची नाही."

बाळकृष्णरावांनी मान हलवली. कुमुदिनीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर सारली.

"आणि जाईपर्यंत दुकानात दोघांनी जायचं," त्या म्हणाल्या. "बोलायचं तुम्ही. अडलं तर मी आहे."